घंटा साडेपाचला वाजते

मे महिना सरत आलेला, कूलरची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागते, अशा दिवसांत आमच्या नागपूरच्या लकडगंजातल्या घरी एखादा तरी पोट्टा हातात फॉर्म घेऊन येतो. घरामागेच आरा मशीन आहे. दुपारच्या जेवणाला ती थांबते तेवढ्यात बोलून घ्यायचं. पुन्हा सुरू झाली की समोरासमोर बसूनही ओरडावं लागतं. फॉर्म बायबल स्कूलचा असतो. ‘आपले पाचारण थोडक्यात लिहा’ या रकान्यात काय भरायचं, एवढंच त्याला विचारायचं असतं. मला मात्र फॉर्मात कुठेच नसलेलं काही त्याला विचारायचं असतं: तिथे तुझं ऐकून घेणारं माणूस कोण असेल, आणि तू त्याला सांगितलेलं पुढे कुठे जाईल?

पोरं हसतात. ‘तेथं सगळे ब्रदर-सिस्टरच असतात ना काका,’ म्हणतात. मीही एके काळी असाच निर्धास्त होतो. मंडळीच्या कमिटीत होतो. शिफारसपत्रावर सही करायची, रविवारी पुढे बोलावून प्रार्थना करायची, स्टेशनवर सोडून यायचं, की आमचं काम संपलं. तीन वर्षांनी पोरगा पांढरा शर्ट घालून परतायचा, पहिला संदेश द्यायचा, आणि मधल्या तीन वर्षांत त्याचं काय झालं हे आमच्यातल्या एकानंही विचारलेलं नसायचं.

आधी त्या रकान्याचं. ‘लहानपणापासून प्रभूच्या सेवेची ओढ होती’ हे वाक्य प्रवेश समितीनं इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यांची नजर त्यावर ठरतच नाही. एकानं माझ्यासमोर स्वप्न लिहायला घेतलं होतं. उजेड, पांढरा झगा वगैरे. मी विचारलं, मागच्या वर्षभरात मंडळीत कोणी न सांगता तू काय केलंस? बराच वेळ त्याला काही आठवेना. मग म्हणाला, आपल्या मंडळीतले एक आजोबा मेयोत भरती होते, त्यांचा मुलगा बाहेरदेशी, तर रात्रीचा मी जात होतो. किती रात्री? अठरा. काय करायचास? ‘काही नाही. बेडपॅन द्यायचं. अन् त्यांना झोप येत नव्हती तर स्तोत्रं वाचायचो. तेविसावं नको म्हणत, सगळे तेच वाचतात म्हणे.’ हेच लिही, म्हटलं. त्यानं लिहिलं, आणि मुलाखतीत निम्मा वेळ त्या अठरा रात्रींवरच बोलणं झालं. तुमच्याकडे अशा अठरा रात्री नसतील तर फॉर्म एक वर्ष थांबवा. वर्षभर रविवारची शाळा घ्या, म्हाताऱ्यांना भेटा, उपासनेनंतर सतरंज्या घड्या करा. वय निघून जात नाही.

शाळा निवडताना आमच्या तरुणपणी विदर्भातल्या माणसाला फार डोकं लावावं लागत नसे. यवतमाळ जवळ होतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये तिथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला, बिबवेवाडीला गेली. आता पर्याय पुष्कळ आहेत आणि म्हणूनच घोटाळाही पुष्कळ. काही महाविद्यालयं सेरामपूर सिनेटची पदवी देतात. सेरामपूरला डेन्मार्कच्या राजानं १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली होती आणि १९१८ मध्ये तिला इथल्या कायद्याचं बळ मिळालं, त्यामुळे त्या पदवीला वेगळं वजन आहे. काहींना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. तिसऱ्या प्रकारच्या शाळा स्वतःचंच प्रमाणपत्र देतात, आणि पाच-सहा महिन्यांचे शिष्यत्वाचे कोर्स बहुधा याच प्रकारात मोडतात. त्यात वाईट काही नाही. नोकरी सांभाळून मंडळीत काम करायचं असेल तर तेवढं पुष्कळ झालं. पण पुढे पाळक म्हणून दीक्षा घ्यायची असेल तर आपली मंडळी कोणती पदवी धरते हे फॉर्म भरायच्या आधी विचारा, नंतर नव्हे. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तरी आजही आपल्या शहरात सीएनआय, मेथॉडिस्ट, पेंटेकोस्टल, कॅथलिक यांचे नियम निरनिराळे आहेत. मुलींनी हे दोनदा विचारावं. स्त्रियांना दीक्षा देणाऱ्या मंडळ्या आहेत आणि न देणाऱ्याही आहेत. चार वर्षं शिकून झाल्यावर ते कळणं फार महाग पडतं.

कागदपत्रांबद्दल एकच सांगतो. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं दाखवा आणि परत घ्या, ठेवायला देऊ नका. फी कोण भरणार, किती वर्षं भरणार आणि मध्येच सोडलं तर काय, हे लेखी घ्या. ‘प्रभू पुरवील’ यावर माझाही विश्वास आहे, पण प्रभू ज्यांच्या हातानं पुरवतो त्यांची सही असलेली बरी.

मराठी शाळेत शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मराठी आणि हिंदी माध्यमाच्या शाळाही आहेत, पण तिथेसुद्धा ग्रंथालयातली बरीच जाड पुस्तकं इंग्रजीच निघतात. यावर स्वस्त उपाय आहे. मार्कचं शुभवर्तमान रोज अर्धा अध्याय, मराठी आणि इंग्रजी दोन्ही बायबलं शेजारी उघडी ठेवून वाचा. मार्कचे सोळाच अध्याय आहेत. मजकूर तुम्हाला पाठच असतो, त्यामुळे शब्दकोश फारसा लागत नाही. मी आजवर ज्यांना हे करायला लावलं त्यांना त्याचा उपयोगच झाला.

आता तिथलं जगणं. पहाटे साडेपाचला घंटा. मग एकट्यानं शांत समय, मग चॅपल, नाश्ता, वर्ग. दुपारी श्रमदान: कोणाच्या वाट्याला बाग, कोणाच्या मेसची पातेली, कोणाच्या संडास. संध्याकाळी खेळ, मग अभ्यासाचे तास, साडेनऊ-दहाला दिवे बंद. शनिवार-रविवार वस्त्यांत नाहीतर जवळपासच्या मंडळ्यांत सेवा. खोलीत मिझोरामचा एक, ओडिशाचा एक, तमिळनाडूचा एक. पहिले सहा आठवडे घरची आठवण पोटातून येते, म्हणजे अगदी शब्दशः. तर्री नाही, आंबट वरणात कढीपत्ता, भात तिन्ही त्रिकाळ. लोणच्याची बरणी न्या, पण एकट्यानं खाऊ नका. मैत्रीच्या कितीतरी गाठी त्या बरणीवर पडतात.

वसतिगृहात खरा त्रास जेवणाचा नसतो, बोलण्याचा असतो. पन्नास-साठ माणसं एकाच भिंतीच्या आत, सगळी भक्तिमान, आणि कुजबूज तर विचारूच नका. जर्मनीत डिट्रिख बोनहोफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्डे इथे पाळकांना घडवणारी एक छोटी सेमिनरी चालवली. पुढे गेस्टापोनं ती बंद पाडली. तिथे त्यांनी एक नियम घातला होता: जो हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि तोंडातून निघून गेलंच तर त्याला जाऊन तसं सांगायचं. नियम सारखा मोडायचा म्हणतात. तुमच्या खोलीतही मोडेल. तरी दारामागे लिहून चिकटवा.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल माहितीपत्रकात काही छापलेलं नसतं. घरी असताना बायबल हे तुमचं होतं. तिथे ते पाठ्यपुस्तक होतं. त्यावर परीक्षा असते, टिपणं असतात, गुण असतात. चॅपलला हजेरी लागते. दिवसातून चारदा प्रार्थना करणारा माणूस आतून कोरडा पडू शकतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा घाबरायला होतं.

असाच घाबरलेला एक पोरगा नाताळच्या सुटीत माझ्याकडे आला होता. शाळेचं नाव सांगण्याचं कारण नाही. व्हरांड्यात बसला. हाताला मेसच्या चुलीचा चटका लागून काळा डाग पडलेला. चहा गार झाला तरी कपाला हात नाही. शेवटी म्हणाला, ‘काका, पंचग्रंथ मोशेनं नाही लिहिला म्हणे. चार-चार हात आहेत म्हणे त्याच्यात. सर शिकवतात. मले रात्री झोप नाही येत.’ मी विचारलं, तिथे कोणाशी बोललास? तर नाही. प्रत्येक पाच मुलांमागे एक शिक्षक नेमलेले होते, दर पंधरा दिवसांनी भेट होती, सगळं रीतसर. ‘मग काऊन नाही सांगितलं?’ ‘त्यायचा रिपोर्ट जातो ना. वर्षाच्या शेवटी. मंडळीला बी जातो, पैसे देणाऱ्याले बी जातो.’ दोन महिने हा पोरगा आत ढासळत होता, आणि दर रविवारी जवळच्या वस्तीत उभा राहून संदेश देत होता. चांगला देत होता म्हणे. रिपोर्टात ‘उत्तम’ लिहून आलं होतं, ते मीच कमिटीत वाचून दाखवलं होतं.

त्या दिवसापासून मी तो ऐकून घेणाऱ्या माणसाचा प्रश्न विचारायला लागलो. जो तुम्हाला पास-नापास करणार, त्याच्यासमोर तुम्ही मन उघडं करणार नाही. यात तुमचा दोष नाही, त्याचाही नाही. आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, टेकडीला नावच तिच्यावरून पडलं. आपण प्रॉटेस्टंट लोक तिकडे फारसे फिरकत नाही, पण कॅथलिकांनी ही गाठ कायद्यानं सोडवून ठेवली आहे. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत प्रत्येक सेमिनरीत निदान एक आध्यात्मिक मार्गदर्शक असावा असं सांगितलं आहे, आणि कोणाला दीक्षा द्यायची नि कोणाला घरी पाठवायचं हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचं मत विचारायलाच बंदी केली आहे. रेक्टर वेगळा, मार्गदर्शक वेगळा. एकानं तुमचं वागणं पाहायचं, दुसऱ्यानं मन. तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान मिळून निदान सहा वर्षांचा तो अभ्यासक्रम. तेवढी वर्षं मनातलं कुठेच न बोलता काढणं कोणालाही जड जाईल.

तेव्हा मुलाखतीला गेलात की नम्रपणे विचारा: मला जे मार्गदर्शक मिळतील ते माझं मूल्यमापनही करतील का? खाजगीत सांगितलेलं प्राचार्यांकडे किंवा माझ्या मंडळीकडे जातं का? मार्गदर्शक पटले नाहीत तर बदलून मिळतात का? चांगली शाळा या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर ‘आमच्याकडे सगळं कुटुंबासारखं आहे’ असं आलं तर समजा की व्यवस्था काही नाही, आणि स्वतःची व्यवस्था स्वतः करून जा. शाळेच्या बाहेरचं, तुमच्या फीशी संबंध नसलेलं, तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठं एक माणूस जायच्या आधीच धरून ठेवा. ते पाळकच पाहिजे असं नाही. नर्स चालेल, शाळामास्तर चालेल. मुलीनं बाईमाणूसच धरावं.

ज्यांना धरलं जातं त्यांच्यासाठी आता थोडं, कारण हे काम मी आधी फार वाईट केलेलं आहे. त्या पोरासाठी मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी फोनची वेळ ठरवली. पहिल्या फोनवर मोशे, यहेज्केल, माझं तरुणपण, असं मी चाळीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘त्याला बोलायला सांगितलं होतं ना तुम्ही?’ दुसऱ्या महिन्यापासून मी घड्याळ समोर ठेवायला लागलो.

‘आध्यात्मिक जीवन कसं आहे?’ असं कधीही विचारू नका. ‘प्रभूच्या कृपेने छान’ याखेरीज त्याला उत्तर मिळत नाही. झोप किती होते विचारा. जेवण जातं का, पैसे आहेत का, या आठवड्यात कोणावर चिडलास, घरी शेवटचा फोन कधी केलास. यातून प्रार्थनेची गोष्ट आपोआप निघते. शंका घेऊन आला तर लगेच उत्तर देऊ नका, भले तुम्हाला ते येत असलं तरी. मोशेच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नव्हतंच. मी एवढंच विचारलं, की तुझे सर, जे हे शिकवतात, ते स्वतः चॅपलला येतात का? येतात, म्हणाला. मग त्यांना जाऊन विचार की हे सगळं ठाऊक असून ते गुडघे कसे टेकतात. त्याला ते विचारायला आणखी महिना लागला. सरांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

घाई करू नये, याचं मला सुचणारं उदाहरण घरचंच आहे. नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये इथून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, त्यानं हातात नवा करार दिला आणि उतरून गेला. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर आणखी पाच वर्षांनी. तोवर त्यांच्या मनात काय काय उलथापालथ झाली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. मार्गदर्शन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकानं ते पुस्तक पुन्हा वाचावं, धर्मासाठी नाही, वाट कशी पाहावी ते कळण्यासाठी.

गुप्ततेला हद्द असते आणि ती पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, किंवा कोणी अंगचटीला आलं असं कळलं, तर मी गप्प बसणार नाही, हे आधीच बोलून ठेवा. दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या संस्थेत स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. बायबल स्कूल त्यातून सुटत नाही. अठराच्या आतल्या मुलाबद्दल असेल तर पोलिसांना कळवणं हे कर्तव्यच आहे. ‘साक्ष बिघडेल’ म्हणून झाकणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आणि विद्यार्थ्याची फी तुम्ही भरत असाल तर मार्गदर्शक दुसरा पाहा. पैसे देणाऱ्यासमोर कोणी मनातलं बोलत नाही, हे मी वर सांगितलंच.

उन्हाळ्यातल्या प्रत्यक्ष कामाबद्दल नागपूरकरांनी एक लक्षात ठेवावं. विद्यार्थ्यांना इथून बैतूल, छिंदवाडा, राजनांदगावकडे पाठवलं जातं, आणि राज्य बदललं की धर्मांतराविषयीचा कायदाही बदलतो. कुठल्या राज्यात, कोणाच्या निमंत्रणावरून, कोणाच्या जबाबदारीवर जातो आहोत, हे लेखी असू द्या. जायच्या आधी नियोगी समितीचा अहवालही वाचा. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीनं १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कामावर कडक टीका केली. आपल्या लोकांना तो झोंबतो आणि बरेचजण तो न वाचताच नावं ठेवतात. मला त्यातलं सगळं पटत नाही. पण रुग्णाच्या खाटेपाशी, भुकेल्याच्या ताटापाशी उभं राहून धर्माची गोष्ट काढावी का, हा प्रश्न सेवेला निघालेल्यानं स्वतःला विचारायलाच हवा, मग तो कोणीही विचारलेला असो. हेच नियोगी त्याच वर्षी ऑक्टोबरात, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातच बौद्ध झाले, ही गोष्टही पोरांना ठाऊक असावी.

आणि गाव छोटं मिळालं म्हणून नाराज होऊ नका. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, दुसऱ्या वर्षी शाळा काढली. दगड-जीवाश्मांवर त्यांचं नाव झालं, ते वेगळंच. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून सोबतचे लोक पुढे गेले आणि हिस्लॉप मागे राहिले ते एक लहानशी शाळा तपासायला. परतताना पूर आलेल्या नाल्यात घोड्यावरून वाहून गेले. आज तिथून जवळच बुटीबोरीला एमआयडीसी आहे आणि हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्यांनाही त्या शाळेची गोष्ट बहुधा माहीत नसते.

मंडळीसाठी शेवटचं. शिफारसपत्राची एक झेरॉक्स ठेवा आणि मागे त्या मुलाला फोन करायची तारीख लिहा: जूनमध्ये गेला असेल तर ऑगस्टचा पहिला आठवडा. तेव्हा पहिल्या परीक्षा झालेल्या असतात, लोणचं संपलेलं असतं, आणि परत यावंसं वाटतं ते त्याच सुमाराला. फोन कमिटीतल्या एकानंच करावा, सगळ्यांनी मिळून स्पीकरवर नको. आणि रात्री साडेनऊच्या आत करा. त्यानंतर वॉर्डन फोन देत नाहीत. घंटा साडेपाचला वाजते.